मधले चोवीस दिवस

शास्त्रपाठ : मत्तय २६:३६-४६, २ राजे २०:१-७, लूक २३:५४-५६



आमच्या बेळगावच्या मंडळीत आम्ही पाच-सहा जण आजाऱ्यांच्या भेटीचे काम पाहतो. दवाखान्यात जाणे, घरी जाऊन प्रार्थना करणे, कोणाला रक्त हवे असेल तर तरुण संघातल्या मुलांना फोन लावणे, असे ते काम. बरीच वर्षे करतो आहोत, म्हणून ते आम्हांला चांगले जमते असा आमचा समज होता. मंडळीतल्या एका मावशींनी तो समज मोडला. त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, हे लिहीत आहोत.

मावशी निवृत्त शिक्षिका. यजमान काही वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले. मुलगा पुण्याला नोकरीत. गेल्या वर्षी जुलैतल्या एका सोमवारी त्यांच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट पडला. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशनची तारीख मिळाली ती चोवीस दिवसांनंतरची.

त्या आठवड्याच्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. महिला मंडळाच्या भगिनीही आल्या, मिळून अकरा जण झालो. बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता आणि मावशींच्या दारात अकरा छत्र्या गळत होत्या. आमच्यातल्या एकाने विचारले, "कितवी स्टेज म्हणाले?" एका भगिनीने निपाणीच्या आपल्या चुलत जावेची हकिकत सांगायला घेतली आणि अर्ध्यावर तिला आठवले की ती जाऊ वाचली नाही, मग ती पदर सावरत गप्प झाली. तिसऱ्याने सांगितले, "विश्वास धरा मावशी, तुम्हांला काही होणार नाही." मग आम्ही वीस मिनिटे प्रार्थना केली. मावशी हसतमुख होत्या. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, बिस्किटे दिली. परत येताना आम्ही एकमेकांना म्हणालो, काय विश्वास आहे मावशींचा!

सहा महिन्यांनी, ऑपरेशन होऊन किमोही संपत आले होते तेव्हा, त्या आमच्यातल्या दोघींशी मोकळेपणी बोलल्या. आम्ही त्या दिवसाची आठवण काढली तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मी अकरा कप विसळले. मग बसले. तुम्ही प्रार्थनेत देवाला सांगत होता की आमच्या भगिनीला तुझी शांती लाभली आहे. मला शांती नव्हती. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर तुमची प्रार्थना खोटी पडेल." थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "दिवसा माणसं होती की. रात्री दोन ते पाच कोणी नव्हतं."

हे ऐकून आम्ही घरी आलो ते मान खाली घालून. त्या दिवसापासून हा विषय मनात घोळतो आहे. कॅन्सर झाल्याचे कळल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतचे हे जे मधले दिवस असतात, त्यांत आजारी माणसाला काय हवे असते? आणि ख्रिस्ताची मंडळी म्हणून आपण त्याला काय देतो?

थांबावे का लागते?

पहिली गोष्ट, हे दिवस का असतात ते समजून घेऊ या. घरच्यांच्या मनात एकच विचार असतो : गाठ आहे हे कळले, मग आजच काढून का टाकत नाहीत? दवाखान्यावर राग येतो. गाठ रोज वाढते आहे, पसरते आहे, असे रात्री अंथरुणात जाणवू लागते.

पण आजाराचे नाव कळले म्हणजे सगळे कळले असे नाही. बायोप्सीत कॅन्सर आहे एवढे दिसते. तो कुठवर गेला आहे हे पाहायला सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन किंवा आणखी तपासण्या लागतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच तुकड्यावर वेगळ्या चाचण्या करून गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का ते पाहतात, कारण कधी आधी ऑपरेशन आणि मग किमो असा क्रम असतो, तर कधी आधी किमो देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन करतात. मोठ्या दवाखान्यांत ऑपरेशन करणारे, किमो देणारे आणि रेडिएशन देणारे डॉक्टर एकत्र बसून हा क्रम ठरवतात. मग भूलतज्ज्ञ तपासतात. साखर वाढलेली असेल तर ती आटोक्यात आणायची, रक्त कमी असेल तर ते वाढवायचे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते ठरवायचे. सरकारी योजनेतून उपचार असतील तर कागदपत्रे आणि मंजुरी. या सगळ्यात आठवडे जातात.

बहुतेक गाठी सापडण्याआधी कितीतरी महिने, कधी वर्षे, शरीरात वाढत आलेल्या असतात. त्यामुळे नीट तपासणीसाठी गेलेले दोन-तीन आठवडे बहुधा वाया गेलेले नसतात. काही आजारांत मात्र घाई करावीच लागते, आणि तिथे डॉक्टर घाई करतातही. मनात शंका ठेवून कुढण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावे : "माझ्या बाबतीत इतके दिवस थांबलेले चालेल का? मध्ये काय त्रास झाला तर तारखेची वाट न पाहता यायचे?" हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. त्या खोलीत गेल्यावर माणूस सगळे विसरतो.

आणखी एक भीती आमच्या कानांवर नेहमी येते : "सुई लावली की पसरतो, चाकू लागला की पसरतो." या समजुतीपायी लोक बायोप्सीलाच नकार देतात. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. ती केल्याशिवाय नेमके उपचार ठरवता येत नाहीत. तसेच हा आजार शिवल्याने होत नाही. आजाऱ्याचा कप वेगळा ठेवणारी ख्रिस्ती घरेही आम्ही पाहिली आहेत. ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला त्याचे नाव घेऊन आपण एक कप बाजूला काढतो, याची लाज वाटली पाहिजे.

बागेत प्रभूने काय मागितले?

आता शास्त्राकडे वळू. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू येशू गेथशेमाने बागेत गेला. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते, आणि ते अजून झालेले नव्हते. ठरलेल्या आणि न घडलेल्या गोष्टीच्या मधली ती रात्र. आमच्या मते, ऑपरेशनची तारीख खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला सुवार्तेत याहून जवळची जागा सापडणार नाही.

त्या रात्री प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतले. आपला जीव मरणप्राय दुःखी झाला आहे हे त्याने त्यांच्यापासून लपवले नाही. आणि त्यांच्याकडे मागितले काय? धीराचे शब्द मागितले नाहीत. शास्त्रातले वचन मागितले नाही. इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच त्याचे मागणे होते. तेही थोड्या अंतरावरून. तो पुढे जाऊन पालथा पडला आणि एकटाच बोलला, कारण ते बोलणे त्याचे आणि पित्याचे होते. मित्रांनी फक्त जवळपास जागे असायचे होते. आणि ते झोपले.

तीन गोष्टी आपण लक्षात घेऊ या.

पहिली, प्रभूला भीती वाटली. हा प्याला टळो अशी त्याने प्रार्थना केली. मग आजारी माणूस घाबरला तर तो विश्वासात कमी पडला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? मावशींना शांती नव्हती म्हणून त्या प्रभूपासून दूर नव्हत्या. उलट त्या रात्री प्रभू जिथे होता त्याच जागी त्या होत्या. त्यांना तिथे पाहायचे आमचे धैर्य झाले नाही, म्हणून आम्ही प्रार्थनेतच त्यांना शांती वाटून मोकळे झालो.

दुसरी, मत्तय सांगतो की प्रभूने तिसऱ्यांदा तीच प्रार्थना, त्याच शब्दांत केली. नवीन शब्द सुचले नाहीत तरी चालते. "देवा, नको" एवढेच रात्रभर म्हणणारी माणसे आम्हांला सांगतात की आमच्याकडून नीट प्रार्थना होत नाही. त्यांना आम्ही आता सांगतो, प्रभूचेही त्या रात्री तेच शब्द होते.

तिसरी गोष्ट आपल्याबद्दल आहे. थोड्याच वेळापूर्वी पेत्राने मोठी वचने दिली होती, सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही म्हणून. मोठे बोलणे सोपे गेले, तासभर जागणे जमले नाही. आमच्या अकरा छत्र्या आठवल्या की आम्हांला पेत्र आठवतो. लूक मात्र एक दयेचा तपशील देतो : शिष्य दुःखाने झोपी गेले होते. आपणही निष्ठुर असतो म्हणून चुकतो असे नाही. समोरचे दुःख सोसवत नाही म्हणून आपण बडबडतो, उपदेश करतो, हकिकती सांगतो. तीही एक प्रकारची झोपच.

ईयोबाच्या मित्रांचेही असेच झाले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते बसणे उत्तम होते. नंतर त्यांनी तोंड उघडले, आणि तिथून पुढे सगळे बिघडले.

थांबणे आणि टाळणे

इथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यातल्या काहींना ती लिहू नये असे वाटत होते. पण ती वगळली तर हा लेख अप्रामाणिक होईल.

तीन वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका गावचा भाऊ आमच्या मंडळीत येत असे. भजनाला ढोलकी वाजवायचा. गुटख्याची सवय होती; गालाच्या आत न भरणारी जखम झाली आणि तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्या मधल्या दिवसांत शेजारच्या शहरात आरोग्यदानाची एक मोठी सभा होती. तिचे पत्रक त्याच्या हातात दिले ते आमच्यातल्याच एकाने. भाऊ सभेला गेला, पुढे बोलावले तेव्हा पुढे गेला, आणि दुखणे थांबल्याची साक्ष त्याने दिली. पुढच्या रविवारी आमच्या मंडळीतही आभारप्रार्थना झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ऑपरेशनच्या तारखेला तो गेला नाही. तारीख घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे त्याला वाटले. "तू ऑपरेशनला जा" असे आमच्यापैकी एकानेही त्याला म्हटले नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे त्या साक्षीवर शंका घेणे झाले असते.

साडेतीन महिन्यांनी तो परत दवाखान्यात गेला तेव्हा ऑपरेशन करता येण्याजोगे राहिले नव्हते. त्याला मातीत ठेवताना आम्ही सगळे हजर होतो. त्याच्या बायकोने आम्हांला काहीही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर देणे कदाचित सोपे गेले असते.

वेळेवर ऑपरेशन झाले असते तर तो वाचलाच असता का, हे देव जाणे. पण त्याला एक तारीख मिळाली होती, आणि ती हातची जाताना आम्ही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी सांगितलेले थांबणे वेगळे आणि आपण होऊन टाळणे वेगळे. पहिल्यात तयारी असते. दुसऱ्यात आजार पुढे सरकत असतो. टाळणे कधी कोणाच्या जडीबुटीच्या रूपाने येते, कधी "सणावारानंतर बघू" म्हणून येते, आणि कधी विश्वासाचे कपडे घालून येते. तिसरे ओळखायला सर्वांत अवघड.

देव बरे करत नाही असे आम्ही म्हणत नाही. देव बरे करतो अशीच आमची श्रद्धा आहे. पण हिज्कीया राजाची गोष्ट पुन्हा वाचा. राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याने प्रार्थना केली. देवाने ती ऐकली, त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढवली, आणि तसे यशया संदेष्ट्याकरवी कळवले. मग यशयाने काय केले? अंजिरांचा लेप आणायला सांगितला. तो गळवावर लावला तेव्हा राजा बरा झाला. प्रार्थना ऐकली गेल्यानंतरचा हा लेप आहे. देवाचे उत्तर मिळाल्यावर औषध फेकून दे, असे त्या संदेष्ट्याने सांगितले नाही.

आपल्या या भागाला तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा राहिला. बेळगाव, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे त्या दवाखान्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. ऑपरेशनपूर्वी प्रार्थना हा मिशन दवाखान्यांचा प्रघात. देवाचे नाव घ्यायचे आणि मग सुरी हातात घ्यायची, यात त्या लोकांना विसंगती दिसली नाही. ज्या पौलाला आपण विश्वासाचा शिक्षक मानतो, त्याच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता. मग ऑपरेशन आणि प्रार्थना यांचे भांडण आपण कुठून आणले?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : आजाऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाने, पाळकांपासून आमच्यासारख्या स्वयंसेवकांपर्यंत, प्रार्थनेच्या शेवटी तारीख विचारावी. "ऑपरेशन कधी आहे? बरोबर कोण येणार आहे?" ज्याला आपण बरे झालो असे वाटते त्यालाही हेच सांगावे : चांगले आहे, डॉक्टरांना दाखवा, त्यांना ते दिसू द्या. प्रभूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले होते.

वाट पाहणाऱ्यांसाठी

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज तारखेची वाट पाहत असेल. तुमच्याशी थोडे बोलू द्या.

शुक्रवारी प्रभूला कबरेत ठेवले आणि रविवारी पहाटे कबर रिकामी सापडली. या दोहोंच्या मधल्या शनिवारी काय झाले? सुवार्ता त्या दिवसाबद्दल जवळजवळ गप्प आहेत. लूक मात्र एक ओळ देतो : गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी घरी जाऊन सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ दिवशी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. रविवारी काय दिसणार हे त्यांना ठाऊक नव्हते. हाती होते तेवढे त्यांनी तयार केले, आणि मग त्या थांबल्या. मधल्या दिवसांसाठी आम्हांला याहून चांगला नियम सापडलेला नाही : हाती आहे ते तयार करा, मग विसावा घ्या.

हाती काय आहे? तंबाखू, गुटखा, विडी, मिशेरी आजच सोडणे. त्याने भूल सोसायला आणि जखम भरायला मदत होते. दिवस थोडे उरले असले तरी सोडण्यात फायदा आहे. झेपेल तेवढे रोज चालणे. डॉक्टरांनी तीन रंगीत चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र दिले असेल तर नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर उचलण्याचा सराव आतापासून करणे. नीट जेवणे : डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध, जे मानवते आणि पथ्यात बसते ते. पुष्कळ जण या दिवसांत उपास धरतात. कृपा करून धरू नका. ऑपरेशनआधी पोट रिकामे ठेवायची वेळ डॉक्टर सांगतील, तेवढाच तुमचा उपास. बाकीचा उपास आम्ही करू, तुम्ही जेवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे डॉक्टरांना दाखवा. लाजेने लपवू नका. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा.

आणि विसावा. तो हुकमाने येत नाही हे आम्हांला मावशींनी शिकवले. झोप अजिबातच लागत नसेल, अन्न जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपाय असतात. ज्या रात्री प्रार्थना सुचत नाही त्या रात्री ८८ वे स्तोत्र उघडा. इतर विलापगीतांच्या शेवटी बहुधा आशेचा एखादा किरण येतो. हे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाने ते गाळले नाही. तुमची ती रात्रही तो गाळणार नाही.

घरी सगळ्यांना सगळे सांगायलाच हवे असे नाही. भेटायला येणाऱ्यांना "आज नको" म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे. आम्हांलाही म्हणा.

मंडळीसाठी

मावशींच्या बोलण्यानंतर आम्ही आमच्या कामात काही बदल केले. फार मोठे नाहीत, पण कोणाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

भेटीला आता एक किंवा दोघेच जातात. चहा आमचा आम्ही थर्मासमधून नेतो, आणि कप परत आणतो. स्टेज विचारत नाही. दुसऱ्याच्या कॅन्सरची गोष्ट सांगत नाही, वाचलेल्याची असली तरी. प्रार्थना करण्याआधी विचारतो, "देवाला काय सांगू?" आणि जे सांगितले जाईल तेच सांगतो. एका दादांनी उत्तर दिले होते, "सांगा त्याला की मी चिडलोय." आम्ही तसेच सांगितले. ते दादा रडले, आणि नंतर म्हणाले की महिन्यात पहिल्यांदाच आपण प्रार्थनेत हजर होतो असे वाटले.

रात्रीसाठी एक पाळी ठरवली आहे. रोज एकाचा फोन उशाशी, आवाज चालू. ज्याला जाग येईल त्याने कितीही वाजता लावावा. आजवर फार थोडे फोन आले. पण मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "लावला नसता मी. पण आहे हे माहीत असतं तर झोप लागली असती." स्तोत्र १३० मधला पहारेकरी सकाळ लवकर आणू शकत नाही. तो फक्त जागा असतो, आणि तो जागा आहे म्हणून गाव झोपते.

आपल्या सीमाभागातली एक वेगळी अडचण आहे. घरात मराठी, दवाखान्याच्या खिडकीवर कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत. खेड्यातून आलेली आपली माणसे समजले नसतानाही मान हलवून परत येतात. म्हणून कन्नड चांगले येणारी आमच्यातली एक मुलगी योजनेच्या कागदांसाठी बरोबर जाते, आणि डॉक्टर बोलतात तेव्हा वहीत मराठीत लिहून घेते. आम्ही ही सेवा उपासनेतल्या वाचनाइतकीच पवित्र मानतो. तरुण संघातल्या रक्त देणाऱ्यांची यादी गटासह तयार असते. ज्यांना मुंबईला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जावे लागते, त्यांच्यासाठी तिथल्या ओळखीच्या मराठी मंडळीला आधी फोन करतो. राहायची सोय लागली तर अर्धे ओझे उतरते.

आणि घरच्या माणसांना विसरत नाही. मावशींचा मुलगा पुण्याहून दर शनिवारी रात्रीच्या गाडीने येई आणि रविवारी रात्री परत जाई. त्याला कोणी "तू जेवलास का?" असे विचारले नव्हते.

मावशींच्या पुढच्या तपासण्या अजून चालू आहेत. दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत पुन्हा थोडे मधले दिवस येतात. त्या म्हणतात, आता सवय झाली असे नाही, पण आता कळवते. परवा त्यांनीच आमच्यातल्या एकीला रात्री साडेतीनला फोन केला. फार बोलणे झाले नाही. पाऊस पडत होता, तो दोघींनी आपापल्या घरातून ऐकला.

तुमच्याही मंडळीत आज कोणीतरी तारखेची वाट पाहत असेल. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. एकट्यानेच जा. बोलायला काही नसेल तरी जा.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू बागेत एकटा जागलास आणि आम्ही झोपलो. आम्हांला क्षमा कर. आमच्या ज्या भावाची तारीख आम्ही हातची जाऊ दिली, त्याच्या घरच्यांना तू जवळ घे. आज जे तारखेची वाट पाहत आहेत त्यांची भीती तुला ठाऊक आहे. ती भीती घेऊनच त्यांना तुझ्याजवळ येऊ दे. डॉक्टरांच्या हातांना कौशल्य दे, परिचारिकांना बळ दे, आणि आम्हांला कमी बोलायला आणि तासभर जागायला शिकव. आमेन.